बोटीला एसटीचा मान कधी मिळणार? बेटावरच्या गावांत निधी पोचतो, सेवा मात्र धक्क्यावरच अडकते

उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटावर वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. समोर रात्रभर मुंबई झगमगते, आणि इकडे शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या तीन गावांत संध्याकाळी तीन-चार तास जनरेटर चालायचा. तो बंद झाला की अंधार.

महावितरणने समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकली. खर्च आला जवळपास २५ कोटी रुपये. बेटावर लोकवस्ती हजार-बाराशे. म्हणजे माणशी दोन लाखांच्या आसपास.

तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं, एवढ्याशा लोकांसाठी एवढा पैसा कशाला? प्रश्न चुकीचा नाही. पण अपुरा आहे. खरा प्रश्न असा, की एकदा २५ कोटी घालायला सरकार तयार होतं, मग रोजच्या रोज लागणाऱ्या सेवांसाठी बेटाचं गाव हात पसरून का बसलेलं असतं?

आजच्या विश्लेषणात हेच बघू. घारापुरी हे उदाहरण. पण ज्या गावाला बाजाराला, शाळेला, दवाखान्याला पाणी ओलांडून जावं लागतं, अशा प्रत्येक गावाला हे लागू आहे.

उद्घाटनाला पैसा आहे, रोजच्या फेरीला नाही

सरकारी खर्च दोन प्रकारचा असतो. एक, एकदाच होणारा: जेटी, केबल, पाण्याची टाकी, शाळेची इमारत. दुसरा, रोजचा: शिक्षक येणं, नर्सबाई येणं, बिघाड दुरुस्त होणं, रेशनचं धान्य उतरणं, आजारी माणूस वेळेत पलीकडे जाणं.

पहिल्या प्रकारात फीत कापता येते, पाटी लावता येते. दुसऱ्यात पाटी लावायला जागाच नसते. मंगळवारी सकाळी बोट वेळेवर सुटली, याचं उद्घाटन कोण करणार?

बेटावर मात्र दुसरा खर्चच जास्त महत्त्वाचा. जमिनीवरच्या गावात ट्रान्सफॉर्मर जळला तर वायरमन मोटारसायकलवर येतो. बेटावर त्याला आधी बोट मिळायला हवी, मग भरती-ओहोटी बघायची, आणि पावसाळ्यात समुद्राची परवानगी घ्यायची. काम तेच, पण वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. ही जादाची किंमत सरकारी अंदाजपत्रकात बहुतेक वेळा धरलेलीच नसते.

नियम डोकी मोजतात, पाणी मोजत नाहीत

आता सरकारी निकष बघा.

आरोग्य उपकेंद्र हवं तर सपाट भागात ५,००० लोकसंख्या लागते. डोंगरी, आदिवासी आणि दुर्गम भागात ३,०००. हजार-बाराशे वस्तीचं बेट दोन्हीकडे नापास.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून वस्ती रस्त्याने जोडायची तर निकष होता सपाट भागात ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० लोकसंख्येचा. म्हणजे अडीचशे लोकांच्या पाड्यालाही बारमाही रस्ता मिळावा, हे देशाने मान्य केलं. चांगली गोष्ट. पण ज्या गावाचा रस्ता म्हणजेच पाणी, त्याला बारमाही बोट मिळावी असं सांगणारी तशी देशव्यापी योजना नाही.

शाळेचंही तसंच. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. नकाशावर तीन किलोमीटर हे अंतर काहीच नाही. पण मध्ये खाडी असेल तर ते सातवीतल्या पोरीसाठी तीस किलोमीटरइतकं होतं.

२०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळा’ करण्याचा विचार राज्यात पुढे आला. लहान शाळा बंद करून मुलांना जवळच्या मोठ्या शाळेत न्यायचं. रस्त्यावरच्या गावात एसटी किंवा स्कूल व्हॅन तरी लावता येईल. बेटावरच्या पोरांना न्यायचं कशातून?

वित्त आयोगाचा पैसा येतो, पण कोणत्या मापाने?

ग्रामपंचायतीच्या खात्यात थेट येणारा मोठा पैसा म्हणजे वित्त आयोगाचा. १५व्या वित्त आयोगाचा काळ २०२१ ते २०२६. या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपये द्यायचं ठरलं.

ही रक्कम राज्याराज्यांत वाटायचं माप होतं ९० टक्के लोकसंख्या आणि १० टक्के क्षेत्रफळ. लोकसंख्या धरली ती २०११ च्या जनगणनेची. गाव किती अडचणीत आहे, मध्ये समुद्र आहे की धरण, याला त्या मापात शून्य टक्के.

पुढे गाव पातळीवर या पैशातले ६० टक्के बंधित असतात, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचे. उरलेले ४० टक्के अबंधित. ते गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतात, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. म्हणजे पंचायतीने ठरवलं की आपण एक तांडेल आणि एक खलाशी पगारावर ठेवून गावाची बोट चालवू, तर त्या पगाराला हा पैसा चालत नाही. जेटीवर दिवा लावायला चालतो. दिव्याखाली बोट कोण लावणार, ते तुमचं तुम्ही बघा.

घारापुरीला निदान स्वतःचं थोडं उत्पन्न आहे. लेणी जागतिक वारसा यादीत आहेत १९८७ पासून, त्यामुळे पर्यटक येतात आणि ग्रामपंचायत त्यांच्याकडून छोटा प्रवासी कर घेते. लेण्यांच्या तिकिटाचा पैसा जातो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. ज्या गावाकडे लेणी नाहीत आणि पर्यटकही नाहीत, त्याने काय करायचं?

एसटीची सवलत, पण एसटीच नाही

आता जरा आपल्या खिशातलं बोलू.

मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी बारावीपर्यंत मोफत पास. यातला एकेक रुपया सरकार एसटी महामंडळाला भरून देतं.

पण या सगळ्या सवलती एसटीच्या तिकिटावर आहेत. बेटावरच्या आजीला त्याच सरकारची तीच सवलत मिळत नाही, कारण तिच्या गावाला चाकं जात नाहीत. लाँचवाले गाववाल्यांना कमी भाड्यात नेत असतील तर तो त्यांचा चांगुलपणा, नाहीतर आपसातली समजूत. हक्क नव्हे. उद्या डिझेल वाढलं आणि समजूत मोडली, तर दाद मागायला डेपो मॅनेजरही नाही.

शिवाय घारापुरीची मुख्य बोटसेवा पर्यटकांच्या घड्याळावर चालते. गेटवेहून सकाळी नवाच्या सुमारास सुरुवात, परतीची शेवटची बोट संध्याकाळी पाच-साडेपाचच्या आसपास. फिरायला येणाऱ्याला हे सोयीचं. पण कॉलेजला, कामाला, कोर्टाला, रात्री अचानक दवाखान्यात जाणाऱ्याला? त्याने खासगी होडी बघायची.

सुरक्षिततेचं तर बोलायलाच नको. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली, तपासण्या झाल्या. हे व्हायलाच हवं होतं. पण नियम कडक करायचे आणि त्याचा खर्च पूर्णपणे तिकिटावर टाकायचा, तर तो शेवटी रोज ये-जा करणाऱ्या गाववाल्याच्याच खिशातून जातो.

धरणांनी केलेली बेटं

तुम्ही म्हणाल, आमचा तालुका घाटावरचा, आमचा काय संबंध? आहे. महाराष्ट्रात बेटं फक्त समुद्रात नाहीत. धरणांनीही केली आहेत.

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या जलाशयापलीकडची गावं आजही लाँच आणि होडीवर अवलंबून आहेत. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, ही बातमी वाचून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळेला जायला होडी मिळावी यासाठी हायकोर्टाला बोलावं लागलं, हे लक्षात घ्या.

उजनीच्या पाण्यात २१ मे २०२४ ला करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. दोन्ही गावं समोरासमोर दिसतात. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. म्हणून माणसं पाण्यातून जातात. हौस म्हणून नाही.

नंदुरबारमध्ये सरदार सरोवराच्या पाण्याने नर्मदाकाठचे पाडे तुटले. महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाच्या बुडिताखाली आली. तिथे तरंगता दवाखाना आणि बोट ॲम्ब्युलन्स वापरात आल्या. २०२० च्या करोनात तिथली एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत आहार पोचवत होती. तिचं कौतुक देशभर झालं, व्हायलाच हवं. पण ज्या कामासाठी सेविकेला वल्हं हातात घ्यावं लागतं, त्या कामाच्या भत्त्यात वल्ह्याचा हिशेब नव्हता, हे कौतुकात राहूनच गेलं.

दुसरीकडे काय करतात?

‘हे होणं शक्य नाही’ म्हणणाऱ्यांसाठी चार उदाहरणं.

पहिलं केरळ. तिथे १९६८ पासून राज्य जलवाहतूक विभाग हे स्वतंत्र खातं आहे. आपली एसटी तशी त्यांची सरकारी बोट. वेळापत्रक ठरलेलं, तिकीट स्वस्त, कर्मचारी पगारावर. जानेवारी २०१७ पासून वैक्कमच्या मार्गावर त्यांची ७५ आसनांची सौर बोट धावते, म्हणजे डिझेलचा खर्चही वाचला. एप्रिल २०२३ मध्ये कोचीत वॉटर मेट्रो सुरू झाली, ती शहराभोवतीची बेटं जोडण्यासाठीच.

दुसरं आसाम. ब्रह्मपुत्रेतल्या वाळूच्या बेटांवर, ज्यांना तिकडे ‘चर’ म्हणतात, २००५ पासून बोट क्लिनिक जातात. डॉक्टर, नर्स, औषधं, लसी सगळं बोटीत. सुरुवात एका संस्थेने केली, पुढे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा त्यात आला. पाच हजार लोकसंख्या भरेपर्यंत थांबायचं नाही, दवाखानाच हलवायचा.

तिसरं लक्षद्वीप. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. वस्ती दहा बेटांवर. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालची इंटरनेट केबल सुरू झाली, प्रकल्प १,०७२ कोटींचा. माणशी हिशेब केला तर एक लाख ६६ हजार रुपये. घारापुरीच्या विजेच्या हिशेबाजवळच. म्हणजे सरकारने मनावर घेतलं की डोकी कमी असली तरी पैसा निघतो. पण त्याच लक्षद्वीपमध्ये प्रवासी जहाजं कमी झाली, तिकीट मिळत नाही, ही तक्रार लोक गेली काही वर्षं सतत करत आले. केबल आली, जहाज रखडलं. एकदाचा खर्च झाला, रोजचा अडला. आपलंच दुखणं.

चौथं जरा लांबचं, स्कॉटलंडचं. तिथल्या पश्चिमेकडच्या बेटांसाठी सरकारने २००८ मध्ये एक साधं सूत्र आणलं: तेवढंच अंतर रस्त्याने गाडीने गेलात तर जेवढा खर्च येईल, त्याच्या आसपास बोटीचं भाडं. २०१५ पर्यंत तिकडच्या सगळ्या मार्गांना ते लागू झालं. तत्त्व एवढंच, की तुमच्या गावात आणि बाजारात पाणी आहे याचा दंड तुम्ही भरायचा नाही.

पण पुढचंही ऐका. भाडं स्वस्त झाल्यावर पर्यटकांच्या गाड्या वाढल्या आणि उन्हाळ्यात गाववाल्यांनाच बोटीत जागा मिळेना. जुनी जहाजं बंद पडू लागली. २०१८ मध्ये यायचं असलेलं नवं जहाज प्रत्यक्षात जानेवारी २०२५ मध्ये धावू लागलं. नुसतं भाडं कमी करून भागत नाही. बोट हवी, तिची देखभाल हवी, आणि गाववाल्यांसाठी राखीव जागा हवी. हा धडा आपल्याला फुकटात मिळतोय.

‘मग लोकांनी बेट सोडावं ना!’

ही दुसरी बाजूही सरळ मांडू. सरकारकडे पैसा मर्यादित आहे. हजार लोकांच्या बोटीला दिलेला पैसा दहा हजार लोकांच्या रस्त्याला कमी पडू शकतो. मग लोकांनाच मुख्य भूमीवर का आणू नये?

खरं सांगायचं तर लोक आधीच निघालेत. पोरांच्या शाळेसाठी आई उरणला किंवा नवी मुंबईत खोली घेऊन राहते. बाप बेटावर. पोरं मोठी झाली की तिकडचीच होतात. मग पट कमी, म्हणून शाळा कमी. शाळा कमी, म्हणून माणसं कमी. माणसं कमी, म्हणून पुढच्या निधीत वाटा कमी. हे चक्र कोणी आदेश काढून सुरू केलेलं नाही. निकषांनीच फिरवलं आहे.

आणि सोडून जाणं फुकट पडत नाही. खोलीचं भाडं कुटुंब भरतं. मासेमारी तुटते, घर पडीक होतं. सरकारचा वाचलेला पैसा म्हणजे गाववाल्याच्या डोक्यावर आलेलं कर्ज. बेट सोडायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. पण नर्सबाई येत नाहीत म्हणून सोडावं लागणं, याला निवड म्हणत नाहीत.

शिक्षकांचंही असंच. जिल्हा परिषदेच्या बदली धोरणात अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की बदलीचा हक्क मिळतो. शिक्षकावर अन्याय नको, म्हणून हे ठीक. पण गावाच्या बाजूने बघा: मास्तर रुळतात, पोरांची नावं पाठ होतात, आणि बोट पकडून निघतात. राहायला धड खोली आणि येण्याजाण्याला हक्काची बोट दिली, तर काही जण थांबतीलही.

मग मागायचं काय?

नुसतं ‘विकास करा’ म्हणून काही होत नाही. मागणी नेमकी हवी. गावात चर्चेला घ्यायला हे मुद्दे:

१) एसटीच्या सवलती बोटीलाही लागू करा. महिला, ज्येष्ठ आणि विद्यार्थी यांच्या सवलतीची भरपाई सरकार एसटीला देतं, तशी मान्यताप्राप्त प्रवासी बोटीला द्या. योजना नवी नाही, फक्त वाहन वेगळं आहे.

२) सकाळी एक आणि संध्याकाळी एक फेरी गाववाल्यांच्या वेळेची, पर्यटक असोत वा नसोत. तोट्याची भरपाई जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून मिळावी, अशी मागणी पालकमंत्र्यांकडे लेखी करा. त्या समितीचे अध्यक्ष तेच असतात.

३) उपकेंद्र बसत नसेल तर ठरलेल्या वाराला आरोग्य पथक बोटीने यावं, आणि रात्रीच्या रुग्णासाठी कोणती बोट, कोणाचा फोन, पैसे कोण देणार हे आधीच लिहून ठेवलेलं असावं. १०८ ची गाडी धक्क्यापर्यंत येईल. तिथपर्यंतच्या पाण्याची जबाबदारी कोणाची, हे कागदावर हवं.

४) प्रत्येक नव्या कामाच्या अंदाजपत्रकात पाच वर्षांची देखभाल आणि पाण्यावरच्या वाहतुकीचा खर्च धरा. नाहीतर टाकी उभी राहते आणि मोटार जळाली की कोरडी पडते.

हे मुद्दे ग्रामसभेत ठराव म्हणून मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात मागणी नोंदली गेली पाहिजे. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, ठरावाला क्रमांक असतो.

दुसरं, हातातला मोबाईल वापरा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च बघता येतो. पैसा किती आला, कशावर गेला, हे बघूनच सभेला जा. आकडा तोंडावर असला की उत्तर द्यावंच लागतं.

तिसरं, जनगणना. पुढची मोजणी १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे. जी माणसं खरोखर गावात राहतात त्यातलं एकही घर सुटू नये. मोजणीदाराला बेटावर यायला बोट मिळते का, तो पलीकडच्या वाडीपर्यंत जातो का, यावर गावाने लक्ष ठेवावं. पुढची कित्येक वर्षं निधीचं माप याच आकड्यावर चालणार आहे.

घारापुरीच्या विजेने एक गोष्ट सिद्ध केली. समुद्र आडवा आहे म्हणून काम होत नाही, हे कारण खरं नाही. साडेसात किलोमीटर समुद्राखालून तार जाऊ शकते, तर समुद्रावरून सकाळ-संध्याकाळ एक वेळेवरची बोट नक्की जाऊ शकते. तिला खर्च लागेल, तो दरवर्षी लागेल, आणि तो अंदाजपत्रकात लिहावा लागेल. एसटीसाठी आपण हे मान्य केलंच आहे. बोटीसाठी अजून बाकी आहे.